घरकुल मिळालं, पण संसाराचं काय? मावळ-लोणावळ्यात जुन्या फर्निचरचं दान कुणाच्या आणि कसं कामी येतं

लोणावळ्यात एखाद्या बंगल्याचं नूतनीकरण सुरू झालं की सगळ्यात आधी गेटबाहेर येतात ते पलंग, खुर्च्या आणि कपाटं. तिथून काही किलोमीटरवर, नाणे मावळ किंवा पवन मावळातल्या वाडीवर, नव्या घरकुलात राहायला गेलेलं कुटुंब कोब्यावर गोधडी टाकून झोपत असतं. एकाला नकोशी झालेली वस्तू आणि दुसऱ्याची गरज यांत अंतर फार नसतं. तरीही ती वस्तू अनेकदा भंगारात जाते, आणि वाडीवर पोहोचलीच तर कधी दारातून आत जात नाही, कधी पहिल्याच पावसाळ्यात फुगते.

दान केलेलं फर्निचर नेमकं कुणाला लागतं, त्यानं काय बदलतं आणि ते देताना काय चुकतं, हे समजून घेऊ.

घर बांधायला पैसे मिळतात, मग सामानाचं काय होतं?

ग्रामीण भागात घरासाठीची मुख्य योजना म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण). १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा तिनं २०१६मध्ये घेतली. या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये टप्प्याटप्प्याने बँक खात्यात जमा होतात. रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये वेगळे मिळतात.

विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी नोव्हेंबर २०२३मध्ये पंतप्रधान जनमन अभियान सुरू झालं. त्यात घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड असे तीन गट या यादीत आहेत. त्यांपैकी कातकरी वस्त्या मावळात जागोजागी आहेत.

हा सगळा पैसा भिंती, छप्पर, दार-खिडकी यांच्यासाठी असतो. वाडी डोंगराच्या कुशीत असली तर वाळू, सिमेंट, विटा वरपर्यंत पोहोचवण्याचा खर्च वाढतो. कमी पडलेली रक्कम उसनवारीतून किंवा मुकादमाच्या उचलीतून भागवावी लागते. घर उभं राहतं तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. त्यामुळे चूल, चार भांडी आणि अंथरुणं एवढ्यावरच नवा संसार सुरू होतो.

सरकारी नोंदीत खाट-खुर्ची कुठे दिसते?

२०११च्या जनगणनेत कुटुंबाकडे रेडिओ, टीव्ही, फोन, संगणक, सायकल, दुचाकी, चारचाकी आहे का, हे विचारलं होतं. खाट किंवा कपाटाचा प्रश्न नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत मात्र गादी, खुर्ची, टेबल, खाट किंवा पलंग यांची नोंद होते. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ठरवताना या वस्तू धरल्या जातात. म्हणजे घरात खाट असणं हे गरिबी मोजण्याच्या शास्त्रातही महत्त्वाचं मानलं जातं.

आपत्तीनंतरच्या मदतीत चित्र आणखी स्पष्ट होतं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार घर पूर्ण पडलं, वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिलं, तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडीकुंडी-घरगुती सामानासाठी २,५०० रुपये मिळतात. राज्य सरकार काही वेळा यात भर घालतं. तरी एवढ्या रकमेत भांडी, धान्याचे डबे, अंथरूण-पांघरूण आणि खाट हे सगळं बसवणं कठीण आहे.

मराठी बातम्यांत अशा वेळी 'संसार उघड्यावर पडला' असं म्हणतात. घर पडलं, यापेक्षा हे मोठं नुकसान आहे. संसार म्हणजे वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेलं सामान, आणि त्यासाठी स्वतंत्र योजना नसते.

मावळात गरज कुणाला असते?

मावळ तालुक्याचं ठाणं वडगाव. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे त्याचे तीन खोऱ्यांचे भाग लोकांच्या बोलण्यात आहेत. द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि लोणावळ्याचं पर्यटन याच तालुक्यात, आणि रस्त्यापासून आत गेलं की कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या वाड्याही इथेच. फर्निचरची गरज साधारण पाच प्रकारच्या कुटुंबांना पडते.

पहिली, कुडाच्या झोपडीतून पक्क्या घरकुलात आलेली कुटुंबं. झोपडीत दोरीवर कपडे आणि खुंटीला पिशव्या चालत होत्या. पक्क्या घरात तेच सामान जमिनीवर पसरतं.

दुसरी, हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबं. बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधले महिने घर बंद असतं. त्यांना शोभेच्या कपाटापेक्षा कुलूप लागणारी लोखंडी पेटी जास्त उपयोगी पडते.

तिसरी, आपत्तीत सगळं गमावलेली कुटुंबं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात मावळातल्या घरांचे पत्रे उडाले आणि आतलं सामान भिजलं. घाट उतरल्यावर खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री दरडीखाली गेली. वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकजवळच्या कंटेनर घरांत ठेवलं आणि नंतर सिडकोने पक्की घरं बांधली. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये ३० जुलै २०१४च्या दरडीत १५१ जणांचा जीव गेला, आणि नवं गाव वसायला २०१७ साल उजाडलं. अशा कुटुंबांकडे जुन्या घरातून आणण्यासारखं काहीच उरत नाही.

चौथी, एकट्याने संसार उभा करणाऱ्या बायका. नवऱ्याच्या मृत्यूनंतर किंवा छळाला कंटाळून बाहेर पडलेली बाई मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत येते तेव्हा सामान बहुधा सासरीच राहिलेलं असतं.

पाचवी, बालगृहातून बाहेर पडणारे तरुण-तरुणी. २०१५च्या बाल न्याय कायद्यात १८ वर्षांनंतर २१व्या वर्षापर्यंत पश्चात देखभालीची तरतूद आहे. नोकरी लागून पहिली खोली भाड्याने घेतली की त्यांना रुखवत देणारं कुणी नसतं.

एका खाटेने काय बदलतं?

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर जमिनीला ओल असते, आणि ओल्या जमिनीवर झोपणं म्हातारी माणसं, बाळंतीण आणि लहान मुलं यांना सोसत नाही. अंथरूण दिवसभर वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. जमिनीपासून दीड फूट वर असलेली खाट एवढ्यानेही अंथरूण कोरडं राहायला मदत होते.

दुसरा धोका सापाचा. मण्यार हा अतिविषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावण्याच्या घटना घडतात. त्याचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे अनेकदा वेळेवर कळतही नाही. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणूनच खाटेवर झोपावं, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी आणि खाट भिंतीपासून थोडी दूर ठेवावी, असा सल्ला दिला जातो. खाटेने धोका कमी होतो, संपत नाही. दंशाची शंका जरी आली तरी मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं लागतं.

बाकी वस्तूंचं काम असंच साधं पण रोजचं असतं.

- मांडणी: भांडी आणि डबे जमिनीवरून उचलले जातात. उंदीर, मुंग्या आणि ओल यांपासून धान्य वाचतं.
- लोखंडी पेटी किंवा कपाट: आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पुस्तक कोरडं आणि कुलुपात राहतं. हे कागद भिजले तर योजनेचा पुढचा हप्ताही अडकू शकतो.
- टेबल-खुर्ची: मुलाला वही ठेवायला स्वतःची जागा मिळते. गुडघेदुखी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठ-बस सोपी होते.
- प्लास्टिकच्या दोन-चार खुर्च्या: आशा ताई, ग्रामसेवक किंवा पाहुणा आला की बसायला काहीतरी देता येतं. बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीचं घरातल्या बाईला मोठं समाधान असतं.

फर्निचर बँक म्हणजे काय?

लोकांकडून वापरण्याजोगं फर्निचर घ्यायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं आणि गरजू कुटुंबाला त्याच्या निवडीने द्यायचं, या व्यवस्थेला जगात फर्निचर बँक म्हणतात. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये सिस्टर ॲन शेंक यांनी १९९८ साली अशी संस्था सुरू केली. निवाऱ्यातून बाहेर पडणारी माणसं, निर्वासित आणि घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रिया यांना तिथून घर लावायला सामान मिळतं. सामान उचलून नेण्याचा खर्च ही संस्था देणाऱ्याकडून घेते. वस्तू फुकट मिळाली तरी टेम्पो, हमाल आणि गोदाम फुकट नसतात, हे गणित त्यांनी आधीच मांडलं आहे.

ब्रिटनमध्ये 'फर्निचर गरिबी' संपवण्यासाठी चालणाऱ्या मोहिमेने घरात किमान काय असावं याची यादीच केली आहे. त्यात पलंग, गादी, जेवणाचं टेबल आणि कपाटाबरोबर गालिचा आणि वॉशिंग मशीनही येतं. मावळातल्या वाडीची यादी अर्थातच वेगळी होईल. तिथे मांडणी, पेटी, मच्छरदाणी आणि पाण्याचं पिंप आधी येतं.

महाराष्ट्रात सध्या काय सोय आहे?

फर्निचरपुरती वाहिलेली व्यवस्था आपल्याकडे रुळलेली नाही. मात्र तिच्या जवळ जाणारे काही मार्ग आहेत.

पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून २००८ साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. 'स्वच्छ'च्या 'व्ही कलेक्ट' उपक्रमात घरातल्या नको असलेल्या जुन्या वस्तू गोळा होतात, त्यात फर्निचरही असतं.

'गूंज' ही अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेली संस्था प्रामुख्याने कपडे आणि घरगुती वस्तूंवर काम करते. गुप्ता यांना २०१५चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, तलाव असं गावाचं काम करायचं आणि त्याचा मोबदला म्हणून सामान घ्यायचं, ही त्यांची पद्धत. घेणारा याचक राहत नाही, हा तिचा गाभा आहे.

इराणमधून २०१५च्या सुमारास सुरू झालेली कल्पना महाराष्ट्रात 'माणुसकीची भिंत' म्हणून पसरली. पण भिंतीवर कपडे टांगता येतात, कपाट ठेवता येत नाही. मे २०२३मध्ये 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत शहरांत वस्तू जमा करण्याची केंद्रं उघडली. त्यांचा भरही कपडे, चपला, पुस्तकं, खेळणी आणि प्लास्टिकवर होता.

लोणावळा नगरपरिषदेला कचऱ्याच्या कामाचा अनुभव आहे. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात लोणावळा २०२०मध्ये देशात तिसरं आणि २०२१मध्ये दुसरं आलं. जुनं फर्निचर कचऱ्यात येण्याआधीच वेगळं काढणं हे अशा शहराला पेलणारं काम आहे.

काय द्यावं आणि काय देऊ नये?

आधी घराचं माप पाहू. योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असतं, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा येते. साडेसहा बाय सहा फुटांचा डबलबेड ३९ चौरस फूट घेतो, म्हणजे घराचा जवळपास सातवा हिस्सा. सहा बाय तीनची लोखंडी खाट १८ चौरस फुटांत बसते आणि दिवसा भिंतीला उभीही करता येते.

सहसा कामी येतं: लोखंडी किंवा घडीची खाट, सागवानी किंवा भरीव लाकडाचं छोटं टेबल, स्टीलची मांडणी, लोखंडी कपाट (किल्लीसह), पेटी, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टूल, पाळणा.

सहसा कामी येत नाही: पार्टिकल बोर्डचं फर्निचर (ओल लागली की फुगतं आणि स्क्रू सुटतात), मोठा सोफा, काचेचा टीपॉय, पाय मोडलेला पलंग, किल्ली हरवलेलं कपाट, वाळवी लागलेलं लाकूड.

गादीबाबत जास्त काळजी घ्यावी. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून, नवा खोळ घालून पुन्हा वापरता येते. फोमच्या गादीचं तसं होत नाही. ती डागाळलेली किंवा दबलेली असेल तर देऊ नये. आणि ढेकूण! खाटेचे सांधे, फळ्यांच्या फटी, गादीची शिवण उजेडात तपासावी. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतून ती कडक उन्हात ठेवावी. एका ढेकणाळलेल्या खाटेमुळे अख्ख्या वस्तीची झोप जाऊ शकते.

द्यायचं असेल तर क्रम कसा असावा?

१. आधी यादी, मग टेम्पो. कुठल्या कुटुंबाला काय हवं, हे अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, ग्रामसेवक किंवा वस्तीवर आधीपासून काम करणारी संस्था यांना ठाऊक असतं. त्यांच्याकडून यादी घ्यावी.

२. फोटो आणि मापं पाठवा. लांबी, रुंदी, उंची आणि काही मोडलं असेल तर तेही लिहा. वस्तू नाकारण्याची मोकळीक कुटुंबाला हवी.

३. दुरुस्ती देण्याआधी करा. सैल सांधे, बिजागरी, कुलूप, गंज. शंभर-दोनशे रुपयांचं काम तुमच्यासाठी किरकोळ असतं, वाडीवर त्यासाठी रोजगार बुडवून कामशेत किंवा वडगाव गाठावं लागतं.

४. वाहतुकीचा खर्च उचला. छोटा हत्ती वाडीपर्यंत जातो का, की शेवटचा टप्पा डोक्यावरून न्यावा लागेल, हे आधी विचारा. पावसाळ्यात पाठवू नये, पाठवलंच तर ताडपत्रीखाली पाठवावं.

५. उंच कपाट भिंतीला बांधा. लहान मुलं खणांवर चढतात आणि कपाट अंगावर पडण्याचा धोका असतो.

हॉटेल किंवा रिसॉर्ट एकदम वीस-तीस खाटा काढतं तेव्हा एका वस्तीत सगळ्यांना सारखं देणं शक्य होतं. एका घराला खाट आणि शेजारच्या चार घरांना काहीच नाही, यातून वस्तीत कुरबुरी होतात. जास्तीची टेबलं, बाकं शाळा किंवा अंगणवाडीलाही देता येतात.

करसवलतीच्या अपेक्षेने देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. प्राप्तिकरात '८०जी' म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या देणगीसाठी असते आणि २ हजार रुपयांवरच्या रोख देणगीलाही ती लागू होत नाही. वस्तूरूपी दान तिच्यात धरलं जात नाही. वाहतूक आणि दुरुस्तीसाठी पात्र संस्थेला बँकेतून पैसे दिले, तर त्या रकमेचा विचार होऊ शकतो.

दानाची मर्यादा कुठे येते?

बऱ्याच कातकरी वस्त्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. जागाच नावावर नसेल तर घरकुल अडतं, आणि घरकुल अडलं तर कपाट ठेवायचं कुठे, हा प्रश्न उरतो. फर्निचरच्या दानाने जमिनीचा, मजुरीचा किंवा उचलीच्या कर्जाचा प्रश्न सुटत नाही.

दुसरी मर्यादा देण्याच्या पद्धतीत आहे. खाट देताना कुटुंबाला रांगेत उभं करून फोटो काढले आणि ते समाजमाध्यमांवर टाकले, तर शाळेत जाणारी त्यांची मुलंही ते पाहतात. फोटो टाकायचाच असेल तर वस्तूचा टाका, माणसांचा नको. 'आमच्याकडे अशा दहा खाटा आहेत, कुणाच्या वस्तीला हव्यात का' ही एक पोस्ट देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या फोटोपेक्षा जास्त उपयोगाची असते.

आणि वस्तू देण्याजोगी आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे ती स्वतःच्या बहिणीच्या किंवा भाच्याच्या घरी पाठवता येईल का, हे पाहणं. पाठवता येत असेल तर वाडीवर द्या. नसेल तर भंगारवाल्याला विका आणि ते पैसे टेम्पोच्या भाड्याला लावा.